फॉर्मॅट न मारता लॅपटॉप परत देणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

रामबागेतल्या आमच्या वाचनालयाचा लॅपटॉप तुम्ही ठीक करून दिलात, त्याबद्दल चारचौघांत आभार मानायचे आहेत. त्यावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन प्रणाली आहेत. विंडोज अपडेट झालं आणि दोन्हींपैकी कोणती सुरू करायची ते विचारणारा ग्रबचा मेनू न येता थेट विंडोज सुरू व्हायला लागलं. आधी ज्या दुकानात दाखवलं, तिथे लगेच निकाल मिळाला: "लिनक्स उडालं, फॉर्मॅट मारावा लागेल." विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये उबुंटूच्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या त्या भागाला, ड्राइव्हचं अक्षर नसतं, कारण विंडोजला ते वाचता येत नाही; पण तेवढ्याने ते रिकामं ठरत नाही. एवढं पाहायची तसदी कुणी घेतली नाही. आमच्या पुस्तकांची सगळी सूची त्याच पार्टिशनमध्ये होती. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र काहीही बदलण्याआधी विचारलंत, "बिटलॉकरची रिकव्हरी की आहे का?" मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकरचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये असं कुलूप, आपोआप सुरू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. मग बूटचा (कोणती प्रणाली आधी सुरू व्हावी त्याचा) क्रम किंवा सिक्युअर बूटचं (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारं) सेटिंग बदललं की ४८ आकडी की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर विंडोजमधला डेटा गेलाच. तुम्ही ती आम्हाला आमच्या खात्यातून काढायला लावलीत, सहा-सहा आकड्यांचे आठ गट कागदावर लिहिलेत, एकेक गट मोठ्याने वाचून पडताळलात आणि कागद आमच्या हातात ठेवलात. फोटो काढणं किती सोपं होतं! पण "तुमची किल्ली माझ्या मोबाइलमध्ये कशाला?" असं म्हणालात. दुसऱ्याचं घर उघडणारी वस्तू हातात आली तरी ती आपल्याकडे ठेवायची नाही, हे ज्याला सांगावं लागत नाही, त्याच्याकडे डोळे मिटून मशीन द्यावं.

दुरुस्ती छोटीच होती. बायोसच्या, म्हणजे लॅपटॉप चालू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिला आला होता. तुम्ही उबुंटू वर घेतलंत आणि मेनू परतला. यादीतली नोंदच पुसली गेली असती, तरी लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून उबुंटू थेट चालतं त्या पेनड्राइव्हवरून) ग्रब पुन्हा बसवता आला असता. फॉर्मॅटची गरज तेव्हाही नव्हती.

आम्ही न सांगता तुम्ही विंडोज लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही बंद केलंत. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि उबुंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. उबुंटूनंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडायचं, तेही गेलं: उबुंटू आतल्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबुंटूला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी आज्ञा तुम्ही कीच्या कागदामागे लिहून दिलीत. कागद आता वाचनालयाच्या कपाटात, नोंदवहीत लावून ठेवला आहे.

मनापासून आभार, दादा.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, इंदूर