हस्तकलेच्या टेबलावरची तलवार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातील एका शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातवाने फोम बोर्डाची तलवार मांडली होती. परीक्षकांनी ती हातातही न घेता 'गेममधील हिंसक वस्तू' असा शेरा मारून स्पर्धेबाहेर काढली आणि शेजारच्या टेबलावरील, दुकानातून तयार आणून फक्त नावाची चिठ्ठी चिकटवलेल्या पवनचक्कीला पहिला क्रमांक दिला. मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली आहे, त्यामुळे हस्तकलेच्या गुणदानाविषयी चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. यात आजोबाचा थोडा कैवार आहेच. तो वाचकांनी वजा करून घ्यावा.

नातवाची पहिली तलवार 'माइनक्राफ्ट' या व्हिडिओ गेममधील होती. त्या खेळातले तलवारीचे चित्र १६ उभ्या आणि १६ आडव्या चौकोनांत तिरके बसवलेले असते. एक चौकोन तीन सेंटिमीटरचा धरला, तर सगळे चित्र ४८ सेंटिमीटरच्या चौरसात मावते आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ६८ सेंटिमीटर भरते. हा हिशोब त्याने वहीच्या मागच्या पानावर स्वतः मांडला. कर्णाचे सूत्र वर्गात त्याच्या डोक्यावरून गेले होते, ते येथे कामाला आले.

प्रदर्शनातली तलवार मात्र 'झेल्डा' या जपानी खेळमालिकेतील 'मास्टर सोर्ड' होती आणि तिचे पाते साधे सपाट नाही, मधोमध शीर उठलेले आहे. फोम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांमध्ये पॉलिस्टायरीनचा फेसाळ थर. पाच मिलिमीटर जाडीच्या अशा बोर्डातून ती शीर काढायची, तर आतल्या बाजूने मध्यरेषेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर कोरावी लागते आणि बाहेरचा कागद मात्र अखंड ठेवावा लागतो. चर रुंद झाली तर पाते नको इतके दुमडते, अरुंद झाली तर शीर उठतच नाही. अशी दोन पाती समोरासमोर चिकटवून मधल्या पोकळीत त्याने केळीच्या बागेतून आणलेल्या बांबूची कामटी घातली, आणि मुठीवर ठिबक सिंचनाच्या १६ मिलिमीटरच्या जुन्या नळीचा (लॅटरलचा) तुकडा चढवून त्यावर सुतळी गुंडाळली. कटर एका दमात दाबून चालवला की फेस फाटतो, म्हणून वरचा कागद, फेस आणि खालचा कागद असे तीन वेळा पट्टीच्या आधाराने कापायचे, हे तो दोन बोर्ड वाया घालवून शिकला.

एक चूक माझी झाली. मोटारसायकलच्या टचअपचा उरलेला स्प्रे मीच त्याला दिला. सकाळी पाहतो तो कागद जसाच्या तसा, पण कापलेल्या कडांमधला फेस विरघळून खड्डे पडलेले. स्प्रेमधील द्रावक पॉलिस्टायरीन खातो, हे कलाशिक्षकाला ठाऊक असायला हवे होते. मग नव्याने पाते करून कडांना पातळ फेव्हिकॉलचे दोन हात दिले आणि अॅक्रेलिक रंग दोन्ही बाजूंनी लावला. एकाच बाजूने लावला असता तर कागद ओलाव्याने वाकला असता. हे सगळे परीक्षकांनी विचारले असते, तर मुलाने घडाघडा सांगितले असते.

हिंसेचा मुद्दा मला समजत नाही असे नाही. परंतु स्नेहसंमेलनात मावळ्याच्या हातात पुठ्ठ्याची तलवार दिली की हेच मान्यवर टाळ्या वाजवतात, मग तीच कारागिरी जपानी गोष्टीतून आली म्हणून त्याज्य कशी ठरते? उलट खरी काळजी घ्यायची ती कटरची आणि ग्लू गनची. त्यांविषयी परीक्षकांनी एक अक्षर काढले नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि फोम बोर्डाचा गाभा त्याच जातीचा आहे, असा आक्षेप कोणी घेतला असता तर मी मान खाली घातली असती.

चंदेरी रंगामुळे लांबून फसगत होऊ शकते, हेही खरे. म्हणून एस.टी.ने जाताना ती जुन्या लुगड्यात गुंडाळली होती. कंडक्टरने "हाई काय शे रे भाऊ?" असे विचारले, तेव्हा नातू म्हणाला, "तलवार शे, पन पुठ्ठानी." कंडक्टरने ती उघडून पाहिली, बोटाने शीर चाचपली आणि "आतमा काय भरं शे?" असे विचारले. परीक्षकांकडून माझी एवढीच अपेक्षा होती.

यंदाच्या उरलेल्या प्रदर्शनांच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, हस्तकला विभागात प्रत्येक वस्तूसोबत विद्यार्थ्याच्या हातचा मापांसहित आराखडा मागावा आणि परीक्षकांसमोर एक कड कापून दाखवायला सांगावी. विषय कोणता निवडला याला गुण ठेवू नयेत. तयार पवनचक्क्यांचे काय करायचे ते मग आपोआप ठरेल.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
ता. चोपडा, जि. जळगाव