रविवारी 'कोलंबो': एक जुना, एक नंतरचा भाग

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ठीक ५ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये 'कोलंबो' या अमेरिकन डिटेक्टिव्ह टीव्ही मालिकेचे दोन भाग बघायचे आहेत. पहिला १९७१ सालचा 'मर्डर बाय द बुक'. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा जेमतेम चोविशीतला! कृपया उशीर करू नका. सुरुवातीला रस्त्यावरून गाडी येताना दिसते, पण कानावर पडते ती फक्त टाइपरायटरची खटखट. ते चुकलं तर अर्धी मजा गेली.

नवीन सभासदांसाठी: यात खुनी कोण हे आपल्याला आधीच कळतं. चुरस असते ती अभिनेता पीटर फॉकचा चुरगळलेल्या रेनकोटातला पोलीस लेफ्टनंट कोलंबो त्याला कसा पकडतो याची. दारापर्यंत जाऊन 'अजून एकच गोष्ट' म्हणत तो मागे वळतो, तेव्हा समोरच्याचा चेहरा बघा.

एनबीसी या अमेरिकन वाहिनीवरची मालिका १९७८ मध्ये थांबली. १९८९ मध्ये एबीसी या दुसऱ्या वाहिनीने ती परत आणली आणि २००३ पर्यंत अधूनमधून भाग येत राहिले. त्या पुनरागमनाचा पहिला भाग, 'कोलंबो गोज टू द गिलोटिन', आपण चहानंतर बघू. माझ्या मते नंतरच्या भागांत जुनी धार थोडी कमी झाली, पण फॉक मात्र तोच. १९९० चा एमी हा टीव्ही पुरस्कार त्याला याच भूमिकेसाठी मिळाला.

इंग्रजी सबटायटल्स असतील. चहासाठी किती कप लागतील ते ठरवायचं आहे, म्हणून येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका. आणि ज्यांनी भाग आधी पाहिलेत, त्यांनी शेवट कृपया फोडू नका.