आरेच्या माळावर म्हशींना चरू द्या: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आरेबद्दल आपल्याकडे येणारी पत्रं बहुतेक झाडांची असतात. हे पत्र गवताचं आणि म्हशींचं आहे. १९४९ साली शहरातले तबेले हलवून गोरेगावच्या टेकड्यांवर आरे दूध वसाहत उभी राहिली. ही सुमारे १,२८७ हेक्टर जमीन दुग्धविकास खात्याकडे आली. २०२० मध्ये त्यातली सुमारे ८०० एकर राखीव वन करायचा निर्णय झाला, तो योग्यच होता. पण उरलेल्या जमिनीवर आजही म्हैस दावणीला आणि शेजारचा माळ वाऱ्यावर, अशी स्थिती आहे. माझी मागणी साधी आहे: भाकड म्हशी आणि रेडकं शिस्तीत माळावर सोडा आणि तो माळ रानाचाच भाग मानून राखा.

चराईचं नाव काढलं की वनखात्याच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी राजस्थानातलं भरतपूर आठवावं. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळीत १९८२ मध्ये म्हशींना बंदी झाली, आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. पुढे म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या ते बेसुमार माजलं आणि पाणपक्ष्यांना उघडं पाणी मिळेना. हे अभ्यासातून दाखवलं ते आपल्या मुंबईतल्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने.

म्हणून वाटेल तशी चराई मी मागत नाही. रोज एकाच जागी जनावरं सोडली तर मारवेल, शेडा ही चांगली गवतं खुरटतात आणि घाणेरीचं झुडूप पसरतं, कारण त्याला जनावर तोंड लावत नाही. माळाचे पट्टे पाडून आळीपाळीने चारावं. दरवर्षी एक पट्टा बी झडेपर्यंत राखावा, त्याला विळासुद्धा लावू नये. उन्हाळ्यात वाळलेला माळ पेटतो, तेव्हा मधला चरलेला पट्टा आग अडवतो.

शेणाचं तर बघाच. माळावर पो पडला की शेणकिडे त्यात शिरतात, गोळे करून जमिनीत पुरतात. म्हशीच्या पायांनी उडालेले नाकतोडे टिपायला गायबगळे मागे चालतात, कोतवाल पाठीवर बसतो. तेच शेण तबेल्यात पाइपाच्या पाण्याने गटारात ढकललं जातं, तिथून नाल्यात आणि नाल्यातून ओशिवरा नदीत. आरेच्या टेकड्यांत उगम पावणारी नदी वस्तीत पोहोचायच्या आधीच शेणाने काळवंडते, याचं मला फार वाईट वाटतं. तबेल्यांना गोबरगॅसची सोय खात्याने करून द्यावी. आयव्हरमेक्टिनसारखं जंताचं औषध शेणातून उतरतं आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतं, म्हणून चरायला सोडायच्या जनावरांना ते सरसकट देऊ नये. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली तेव्हा कुठे २००६ मध्ये बंदी आली. इतका उशीर पुन्हा नको.

लाळखुरकताची लस चुकता कामा नये. शेजारीच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि हा रोग चितळ-सांबरांनाही होतो.

राहिला बिबट्या. आरेत तो आहे आणि राहणार. उघड्या कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे तो वस्तीत येतो. आरेत माणसांवर हल्ले झालेत, लेकरूही गेलंय, त्यामुळे हा विषय मी हलका करत नाही. कचरा रोज उचलला जावा. रेडकं अंधाराआधी बंदिस्त गोठ्यात घ्यावीत. एखादं गेलंच तर पंचनामा लगेच होऊन भरपाई हातात पडावी, नाहीतर धनी विषाची बाटली शोधतो. आरेतल्या वारली पाड्यांवर वाघोबा पुजला जातो. दिवाळीत ज्या बारशीला आपण गाय-वासरू पुजतो, तीच अनेक आदिवासींची वाघबारस. गुरं आणि वाघ यांच्यामध्ये राहायचं कसं, हे पाड्यांना ठाऊक आहे. माळ राखायची आणि जनावरं चारायची कामं पगारी म्हणून त्यांनाच द्या.

सुरुवात छोटी चालेल. येत्या पावसाआधी एक पट्टा आखा. तबेलेवाले, पाड्यांचे लोक, वनखातं आणि गवताचे जाणकार यांना एका बैठकीला बोलवा. दोन पावसाळे तिथलं गवत, पाखरं आणि शेणकिडे मोजू द्या आणि ती नोंद लोकांसमोर ठेवा. बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला,
आरेशेजारी राहणारा एक गोरेगावकर