व्हॉल्व्हला क्लिप लावली, पण वर्षभरानंतरचं कोण मोजतंय? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री, स.न.वि.वि.

मी इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारा टेक्निशियन आहे. छाती न उघडता मायट्रल व्हॉल्व्हची (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) प्रोसिजर, मग लीक म्हणजे उलटं वाहणारं रक्त थांबवणारी क्लिप असो नाहीतर अरुंद व्हॉल्व्ह उघडणारा फुगा, जाहिरातीत "दोन-तीन दिवसांत घरी" एवढंच असतं आणि ते खोटं नाहीये, बरेच पेशंट खरंच स्वतःच्या पायांनी चालत जातात. माझं म्हणणं त्यापुढचं आहे.

जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, व्हॉल्व्ह मात्र डावीकडे, मग मधल्या पडद्याला सुईने भोक पाडून पलीकडे जावं लागतं. सुईच्या टोकाने पडदा तंबूसारखा ताणला जातो तो आम्हाला स्क्रीनवर दिसतो, आणि जागा जराशी चुकली की हृदयाच्या बाहेरच्या भिंतीला आरपार छेद जाऊ शकतो, भोवती रक्त साचतं, बीपी धाडकन खाली येतं, ते रक्त लगेच काढलं नाही तर पेशंट हातचा गेला. फुगा फुगवताना व्हॉल्व्हचं पान (उघडझाप करणाऱ्या दोन पाळ्यांपैकी एक) फाटलं तर जोराचं लीक, मग सर्जन लागतो (तो त्याच इमारतीत असावा एवढी अपेक्षा जास्त नाही ना?). पण हे सगळं निदान टेबलावर, सगळ्यांसमोर होतं, लपत नाही.

क्लिपचं तसं नाही. तिने दोन्ही पानं धरून ठेवायची असतात, कधीकधी एक पान निसटतं आणि क्लिप दुसऱ्या पानावर नुसती लटकत राहते, लीक परत सुरू. हे काही दिवसांनीही होतं, म्हणजे पेशंट घरी आणि कागदावर "प्रोसिजर सक्सेसफुल". जास्त क्लिपा लावल्या तर व्हॉल्व्हचं तोंडच अरुंद होतं, लीक गेलं पण धाप तशीच.

क्लिप आणि नेहमीचं ऑपरेशन यांची तुलना करणाऱ्या एव्हरेस्ट टू नावाच्या ट्रायलचे आकडे 2011 मध्ये आले. 30 दिवसांत मोठी गुंतागुंत क्लिपवाल्यांत 15 टक्के, ऑपरेशनवाल्यांत 48 (त्यात बराचसा वाटा रक्त चढवण्याचा, तेही सांगायला हवं). पण 12 महिन्यांत व्हॉल्व्हसाठी ऑपरेशन करावं लागलं ते क्लिपवाल्यांत 20 टक्के आणि ऑपरेशनवाल्यांत पुन्हा करावं लागलं ते फक्त 2. म्हणजे महिन्याला मोजलं तर एक चित्र, वर्षाला मोजलं तर वेगळंच! आता टेक्निक पुष्कळ सुधारलंय, ऑपरेशन झेपणारच नाही अशा पेशंटला क्लिप मोठा आधार आहे, मी विरोधात अजिबात नाही.

मागणी एकच, प्रत्येक प्रोसिजरची रजिस्ट्रीत (सगळ्या हॉस्पिटलांची एकत्र नोंदवही) सक्तीने नोंद, डिस्चार्जला, 30 दिवसांनी आणि वर्षाने, इकोसकट. अमेरिकेत व्हॉल्व्हच्या अशा प्रोसिजरची टीव्हीटी रजिस्ट्री 2011 पासून चालू आहे, त्यामुळे अशक्य वगैरे कुणी सांगू नये. पेशंट मुळात किती आजारी होता तेही त्यात लिहा, नाहीतर आकडे चांगले दिसावेत म्हणून हॉस्पिटलं अवघड केसेस घेणारच नाहीत. आणि नोंद दुसऱ्या हॉस्पिटललाही करता आली पाहिजे, कारण क्लिप निसटलेला पेशंट धाप लागल्यावर जवळ असेल तिथे धावतो, क्लिप लावली तिथेच परत जाईल असं नाही, आणि मग ती गुंतागुंत कुणाच्याच खात्यात पडत नाही.

आपला,
एक इको टेक्निशियन