तसबीर डावीकडे की उजवीकडे? आधी शर्टाचा खिसा बघा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘हम पाँच’ मालिकेवरून वाचकांची चांगलीच जुंपली आहे. अशोक सराफांनी साकारलेल्या आनंद माथुरांच्या बैठकीत त्यांच्या दिवंगत पहिल्या बायकोची तसबीर कुठं होती, यावर लातूरची मंडळी म्हणतात डावीकडे, जालन्याची म्हणतात उजवीकडे, आणि दोन्हीकडची मंडळी ‘कालच पुन्हा बघितलं’ असं ठासून लिहितात. या भांडणात कुणीच खोटं बोलत नसावं. दोघांनी दोन वेगळ्या प्रती बघितल्या असणार आणि त्यातली एक उलटी असणार.

जुन्या मालिका इंटरनेटवर चढवणारे सगळेच काही त्यांचे हक्कदार नसतात. चढवलेलं चित्र आणि आवाज मूळ मालिकेशी जुळतो का, हे तिथली यंत्रणा आपोआप तपासते. तिला चकवायला ही मंडळी चित्र आरशातल्यासारखं फिरवतात, थोडं मोठं करतात, वेग किंचित वाढवतात, कडेनं रंगीत चौकट लावतात. वेग वाढवला की आवाजाची पट्टीही बऱ्याचदा चढते; अशोक सराफांचा आवाज नेहमीपेक्षा पातळ वाटला तर संशय घ्यायला हरकत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथं आरशानंच सगळा घोळ घातला आहे.

उलटी प्रत ओळखणं अवघड नाही. पुरुषाच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. म्हणजे तो आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर पडद्यावर खिसा आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. तो डावीकडे दिसला की चित्र फिरवलेलं आहे. नेहमीच्या नेसणीतला साडीचा पदर डाव्या खांद्यावर जातो, तोही तपासावा. मात्र गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढं येतो, म्हणून एकट्या पदरावर निकाल देऊ नये. दृश्यात वर्तमानपत्र, दारावरची पाटी किंवा कॅलेंडर असेल तर प्रश्नच मिटला. चढवणाऱ्यानं वरून चिकटवलेली अक्षरं मात्र ग्राह्य धरू नयेत, ती चित्र फिरवल्यानंतर टाकलेली असतात आणि सरळच दिसतात.

दुसरा वाद तसबिरीच्या करामतीचा. १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झालेल्या या मालिकेत ही पहिली बायको झालेल्या प्रिया तेंडुलकर भिंतीवरच्या चौकटीतून बोलतात. ‘रजनी’ मालिकेची नायिका होऊन साऱ्या देशाला फैलावर घेणारी बाई इथं भिंतीला टांगलेली, तरी आनंद माथुरांची सुटका नाहीच! पात्रयोजनेतला एवढा खट्याळपणा नंतरच्या मालिकांत क्वचितच दिसला. चौकटीत त्या खरोखर बसत की चित्र नंतर जोडत, असं एका वाचकानं विचारलं आहे. असा प्रसंग घेण्याच्या त्या काळी दोन पद्धती होत्या, आणि दोन्हींच्या खुणा पडद्यावर राहतात.

पहिल्या पद्धतीत सेटच्या भिंतीला भोक पाडून पुढं चौकट लावतात आणि नट मागं उभा राहतो. असं असेल तर चौकटीच्या वरच्या पट्टीची सावली कपाळावर पडते, खोलीतला उजेड आणि चेहऱ्यावरचा उजेड एकाच बाजूनं येतो, आणि कॅमेरा सरकला की चेहरा चौकटीच्या कडेमागं किंचित झाकला जातो किंवा उघडा पडतो.

दुसरी पद्धत क्रोमा कीची. चौकटीत निळं किंवा हिरवं कापड लावायचं आणि त्या रंगाच्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र बसवायचं. यात केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि त्यांना निळसर-हिरवट झाक येते. कॅमेरा बहुधा खिळवून ठेवलेला असतो, कारण तो हलला तर आतलं चित्र तेवढंच हलवावं लागतं आणि त्या काळच्या साधनांनी ते जमवणं जिकिरीचं होतं. कुणी चौकटीजवळ हात नेला तर बोटांवर त्या कापडाच्या रंगाचा हलका उजेड दिसतो. प्रत्येक प्रसंग वेगळा तपासावा. लांबचा शॉट एका पद्धतीनं आणि जवळचा दुसऱ्या पद्धतीनं घेतला, असं मालिकांत सर्रास चालतं.

हे तपासायचं तर चित्र एकेक फ्रेम पुढं न्यावं लागतं. संगणकावर यूट्यूब थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एक फ्रेम पुढं जातं, स्वल्पविरामाची दाबली की मागं. मोबाइलवर ही सोय नाही, तिथं वेग ०.२५ वर ठेवावा. आपल्याकडची जुनी चित्रफीत ‘पाल’ (PAL) या टीव्ही-पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम किंचित पुढं-मागं टिपलेल्या दोन अर्ध्या चित्रांची. त्यामुळे हलत्या हाताच्या किंवा डोक्याच्या कडेला चित्र थांबवल्यावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. त्या करामतीच्या खुणा नव्हेत, गेल्या आठवड्याच्या पत्रात तशी गल्लत झाली आहे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र चित्र कापण्यानं होतं. मालिका ४:३ मापाची (रुंदी चार तर उंची तीन), आजचा टीव्ही १६:९ चा. रुंद पडदा भरण्यासाठी वर-खाली कात्री लावली की चौथा हिस्सा चित्र जातं. पालच्या ६२५ ओळींपैकी चित्राच्या ५७६. त्यातल्या १४४ उडतात, मधोमध कापलं तर वर ७२ आणि खाली ७२. आता तसबीर टांगलेली असते कुठं? माणसाच्या डोक्याच्या वर. आनंद माथुर खाली उभे राहून वर बघत असतील तर पहिली कुऱ्हाड तसबिरीवरच पडणार. ‘त्या प्रसंगात तसबीर नव्हतीच’ असं लिहिणाऱ्यांनी आपली प्रत कापलेली नाही ना, एवढं आधी बघावं.

त्यासाठी पट्टी घ्यावी आणि पडद्यावरची गोल वस्तू मोजावी. समोरून दिसणारं भिंतीवरचं घड्याळ उत्तम. ते १२ सेंमी उंच आणि १६ सेंमी रुंद भरलं तर चित्र ताणलेलं आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं माप ४:३ केलं की ते सुधारतं. घड्याळ गोल आहे, पडदा काठोकाठ भरलाय आणि उभ्या माणसांच्या टाळवा उडाल्यात, तर चित्र कापलेलं आहे आणि त्याला रिमोटवर औषध नाही. घड्याळ गोल आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे, ही खरी प्रत. पट्टे आवडत नाहीत म्हणून रिमोटवरचं झूमचं बटण दाबणारे घरोघरी आहेत, त्यांना हात जोडून विनंती, निदान वाद घालताना तरी दाबू नका.

याच्या उलटही घडतं. जुना डबा टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या झाकून टाकायचा, म्हणून कॅमेरावाले कडेची जागा हिशेबात धरत नसत. आजच्या पडद्यावर पूर्ण फ्रेम उघडी पडते आणि माइकची सावली, भिंतीचा अर्धवट रंगवलेला शेवट दिसतो. ‘दिग्दर्शकाची चूक सापडली’ म्हणून उड्या मारण्याआधी ती चूक अगदी कडेला तर नाही ना, हे बघावं. आपल्या मराठवाड्यात एक गंमत होती. व्होल्टेज पडलं की बऱ्याच सेटवर चित्र आक्रसायचं आणि या झाकलेल्या कडा तेव्हाच दिसायच्या. परभणी-हिंगोलीकडच्या कुणाला असं काही आठवत असेल तर ते खोटं ठरवू नये. आक्रसलेलं चित्र आणि स्टॅबिलायझरची टिकटिक ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे सांगायला नको.

चहाच्या कपात चहा कमी-जास्त होणं, पदर बदलणं, उशी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणं, यावर फार शाई खर्चू नये. एकच वाक्य दोन-तीनदा चित्रित होतं, संकलनात त्यातले बरे तुकडे जोडले जातात, आणि चहा त्याप्रमाणे चढतो-उतरतो.

भागांच्या क्रमावरून चाललेला वाद जास्त मोलाचा आहे. इंटरनेटवरच्या क्रमांकांवर विसंबू नये. माथुरांच्या पाच मुलींपैकी राधिकेची भूमिका अमिता नांगिया आणि विद्या बालन अशा दोघींनी केली. यादीत राधिकेचा चेहरा दर दोन भागांनी इकडून तिकडे होत असेल तर क्रम विस्कटलेला आहे, दुसरा पुरावा नको. भागाची लांबीही बघावी. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२-२३ मिनिटं उरतात. हाती १७-१८ मिनिटांचाच तुकडा असेल तर नावं, मागचा सारांश किंवा एखादा अख्खा प्रसंग गेलेला असतो, आणि काजलभाईची (माथुरांच्या दांडगट मुलीची) नेमकी कोणती दादागिरी त्यात गेली यावर पैज लावू नये.

तेव्हा पुरवणीच्या संपादकांना विनंती अशी, की यापुढं बारकाव्याचं प्रत्येक पत्र छापताना त्याखाली बारीक टायपात तीन गोष्टी द्याव्यात: प्रतीची एकूण लांबी, प्रसंग कितव्या मिनिट-सेकंदाला आहे, आणि शर्टाचा खिसा कोणत्या बाजूला दिसतो. लातूर-जालन्याच्या मंडळींकडून हीच माहिती आधी मागवा, तोवर त्यांची पुढची पत्रं थांबवली तरी चालतील.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी