हस्तरला न्यायाधीश कोणी नेमले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'तुंबाड' या भयपटावरचा लेख वाचला. त्यातला सोन्याचा हावरा, शापित देव हस्तर हा राक्षस नसून माणसाच्या हावरटपणाला शासन करणारी 'न्यायी शक्ती' आहे, असा लेखकमहाशयांचा शोध आहे. अभिनंदन. चित्रपट त्यांनी पाहिला असावा, अशी आशा करतो.

हस्तर स्वतः काय करून बसला आहे? आईचं सगळं सोनं त्यानं लाटलं आणि धान्यावरही हात टाकायला गेला, तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला बडवला. म्हणजे हावरटपणाचा पहिला आरोपी तोच. चोरालाच फौजदार करायचं असेल तर करा, पण त्याला न्याय म्हणू नका. चित्रपटाचा नायक विनायक वर्षानुवर्षं त्याच्या लंगोटातली नाणी पळवतो, पुण्यात घर थाटतो, बाई ठेवतो. तोवर हस्तर त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. कारण त्याला पाप-पुण्य कळतच नाही, फक्त भूक कळते. समोर पिठाची बाहुली टाकली की तो तिच्यावर तुटून पडतो. आणि विनायकाचा धाकटा भाऊ सदाशिव लहानपणीच जिवानिशी जातो, त्या पोरानं कसली हाव केली होती? लेखात त्याचं नावसुद्धा नाही. सुरुवातीला पडद्यावर गांधीजींचं वचन आलं, म्हणजे पुढचं सगळं भूतही गांधीवादी होत नाही.

मला राग येण्याचं कारण वेगळं आहे. आम्ही कोकणातली माणसं, शिक्षा देणारे आमच्याकडे आधीच भरपूर आहेत. आमचे धाकटे काका लावणीच्या दिवसांत पान लागून, म्हणजे साप चावून गेले. गावात रस्ता नव्हता. डोलीत घालून सडकेपर्यंत आणलं, तिथून तालुक्याला नेलं, तर दवाखान्यात सापाच्या विषावरची लस शिल्लक नव्हती. दहाव्याला जमलेल्या मंडळींच्या तोंडी मात्र ना रस्ता होता ना लस. त्या वर्षी आमच्या घरून राखण दिली गेली नव्हती, कोंबडा राहिला होता, म्हणून गाव राखणारं भूत, आमचा राखणदार, कोपला, असा निकाल लागला. आजी त्यानंतर मरेपर्यंत दर पावसाळ्याआधी कोंबडा द्यायची आणि 'माझं चुकलं, पदरात घे रे बाबा' म्हणून गाऱ्हाणं घालायची. पोटचा मुलगा गेला तो गेलाच, वर गुन्हेगारही तीच ठरली. दवाखान्याला कोणी जाब विचारला नाही. ज्या शेजाऱ्यानं आमचा बांध रातोरात हातभर आत सरकवला, तो नव्वदी ओलांडून, शेवटच्या आठवड्यापर्यंत सुरमई खाऊन, झोपेत गेला. त्याच्या वेळी राखणदार कोणत्या वाडीत फिरत होता, हे मी अजून शोधतो आहे.

तेव्हा भुताला 'पापाची शिक्षा देणारा' म्हणताना लेखकांनी जरा जपून लिहावं. एकदा असं म्हटलं की जो जो मेला तो पापी ठरतो, आणि जिवंत असलेले सगळे जबाबदार लोक सुटतात. पुण्या-मुंबईत बसून हे फार खोल वाटत असेल. आमच्याकडे ते दहाव्याच्या पंगतीत ऐकावं लागतं.

आणखी एक. त्याच लेखात हा चित्रपट श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवर बेतल्याचं ठोकून दिलं आहे. पेंडशांकडून घेतलं ते गावाचं नाव. भयाची प्रेरणा भयकथाकार नारायण धारपांच्या कथेची, हे दिग्दर्शकानं स्वतःच सांगितलेलं आहे. पुरवणीचं मुद्रितशोधन हल्ली कोण करतं? शनिवारच्या शब्दकोड्यात १४ आडवा आणि ९ उभा एकमेकांत बसतच नाहीत, आणि उत्तरं छापायची तुम्ही विसरलात. तेवढी तरी पुढच्या अंकात द्यावीत.

— एक जुना वर्गणीदार, दापोली