तक्रार: 9 आठवड्यांच्या गरोदर पेशंटला तुमच्या प्रेग्नन्सी किटने निगेटिव्ह दाखवलं

कस्टमर केअरला आज तिसऱ्यांदा फोन करून झाला, आता लेखीच घ्या. मी कराडजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात सिस्टर आहे, किट मीच मागवते, दर महिन्याला तुमचा 50 चा बॉक्स संपतो.

गेल्या मंगळवारी पोटदुखीची पेशंट आली, पाळी कायमच मागेपुढे होणारी. एक्स-रेच्या आधी आम्ही किट लावतोच. 3 थेंब टाकले, घड्याळ लावून 5 मिनिटं थांबले, सी ची (किट नीट चालल्याची) रेघ ठळक, टी ची (गरोदर असल्याची) जागा कोरी. सरांना पोट तपासताना शंका आली म्हणून त्यांनी आधी सोनोग्राफी करायला लावली, तर स्क्रीनवर 9 आठवड्यांचं बाळ, ठोके चालू! एक्स-रे झाला असता तर त्या बाईला मी काय सांगितलं असतं?

मग तोच नमुना डिस्टिल्ड वॉटर घालून दहापट पातळ केला, त्याच बॅचचं दुसरं किट लावलं. दोन्ही रेघा आल्या, म्हणजे पॉझिटिव्ह.

हे सगळं तुमच्या माणसाला सांगितलं. तो विचारतो, "सकाळची पहिली लघवी होती का?" म्हटलं हो, पहिलीच. "मग वाचायला चुकलं असेल मॅडम, नवीन सिस्टरांचं होतं असं." 22 वर्षं झाली मला या कामात. मी म्हटलं अहो हार्मोन कमी पडलेला नाही, दिवस वर गेले की लघवीत एचसीजीचे, म्हणजे किट जो गरोदरपणाचा हार्मोन शोधतं त्याचे, तुकडे इतके वाढतात की ते पट्टीवरची हार्मोन पकडणारी अँटीबॉडी अडवून धरतात आणि रेघच उमटत नाही, पातळ केल्यावर तुकडे कमी झाले म्हणून रेघ आली, 2009 पासून हे छापून आलंय. त्यावर, "5 दिवसांनी परत टेस्ट करा." आणि तोवर पेशंटचं काय करायचं? वर मलाच विचारतो, बॉक्स उन्हात ठेवला होता का.

तुमच्या पत्रकात फार लवकर टेस्ट केली तर निगेटिव्ह येऊ शकतं एवढंच लिहिलंय. उशिराचं एक अक्षर नाही, आणि पाकिटावर मात्र 99 टक्के अचूक. घरी वापरणारी बाई दुसऱ्यांदा तपासेल, आमच्याकडे त्या एका रेघेवर पेशंट एक्स-रेच्या टेबलावर जाते हो. आणि मला नवीन सिस्टर म्हणता!

बॅचची तपासणी करा, पत्रकात ही गोष्ट मराठीत छापा, आणि मला उत्तर टेक्निकल माणसाकडून लेखी पाठवा. 15 दिवसांत आलं नाही तर बॉक्स, दोन्ही किटचे फोटो आणि कॉलच्या वेळा घेऊन मी एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) जाणार. तुमचा बॉक्स मागवणं आजपासून बंद.